उष्णतेविना वाळवलेले रिलॅक्स्ड केस : अटलांटातील एक प्रकरण

अटलांटातील एका रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या ३८ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय परिचारिकेचे हे प्रकरण आहे. त्या आमच्या केशोपचार केंद्रात आल्या तेव्हा त्यांची तक्रार एका वाक्यात मावणारी होती : केस तुटतात म्हणून ब्लो ड्रायर आणि स्ट्रेटनर दोन्ही बंद केले, आणि त्यानंतर केस पूर्वीपेक्षा जास्त तुटू लागले. उष्णतेने केसांची हानी होते हे आता सर्वांना ठाऊक आहे. ती उष्णता काढून घेतल्यावर परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडावी, याचे उत्तर मात्र त्यांना कोणाकडे मिळाले नव्हते. हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले ते यामुळेच.

त्यांचे केस उपजत अतिशय कुरळे, पेनातल्या स्प्रिंगएवढ्या बारीक वेटोळ्यांचे. वयाच्या दहाव्या वर्षापासून ते रिलॅक्सरने, म्हणजे केस कायमचे सरळ करणाऱ्या रासायनिक क्रीमने, सरळ केले जात होते. अलीकडची काही वर्षे त्या दुकानात मिळणारा नो-लाय प्रकारचा संच आणून दर सहा आठवड्यांनी घरीच टच-अप करीत, म्हणजे मुळांशी आलेल्या नव्या वाढीला रिलॅक्सर लावीत, आणि मुळांना लावून उरलेले क्रीम वाया जाऊ नये म्हणून शेवटची काही मिनिटे कंगव्याने टोकांपर्यंत ओढून घेत. केस आठवड्यातून एकदा धुतले जात. मग ब्लो ड्रायरला कंगव्याचे तोंड लावून वाळवणे, आणि त्यावर ४५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २३० अंश सेल्सिअसला ठेवलेला स्ट्रेटनर. ‘कधी कधी चर्र असा आवाज यायचा,’ असे त्या सहज बोलून गेल्या. तो आवाज केसात अडकलेल्या पाण्याची वाफ होण्याचा असतो. आतले पाणी उकळून केसाच्या गाभ्यात पोकळ्या तयार होतात, आणि अशा पोकळीपाशी केस थोड्याशा ताणानेही तुटतो.

हे सारे त्यांनी तीन महिन्यांपूर्वी थांबवले होते. टच-अपही लांबणीवर टाकला होता. केस धुऊन, टॉवेलने खसाखसा पुसून, मोकळे सोडून वाळू द्यायचे, आणि कामावर जायची वेळ झाली तर ओलेच मागे घट्ट बांधून त्यावर टोपी चढवायची, असा नवा क्रम होता. मुळांपाशी केस फुगत, टोके मात्र मरगळल्यासारखी लोंबत, आणि वाळलेल्या केसांतून कंगवा फिरवला की बेसिनमध्ये बारीक तुकड्यांचा सडा पडे.

तपासणीत काय आढळले

पहिली गोष्ट गळणे आणि तुटणे यांतला फरक ठरवण्याची. पांढऱ्या कापडावर केस विंचरून जे जमले ते वेगळे केले. आपोआप गळालेला केस पूर्ण लांबीचा असतो आणि त्याच्या एका टोकाला मुळाची पांढुरकी गाठ दिसते. येथे असे केस थोडेच होते. बहुतेक तुकडे दोन्ही टोकांनी तुटलेले, गाठ नसलेले होते, आणि काहींच्या टोकाशी भिंगाखाली ब्रशच्या पिंजारलेल्या केसांसारखे धागे दिसत होते. ‘माझे केस वाढतच नाहीत’ ही समजूत येथेच मागे पडली. दर टच-अपच्या वेळी मुळांशी कुरळी नवी वाढ दिसत होती, म्हणजे केस वाढत होते. ते वाढीच्याच वेगाने तुटत असल्यामुळे खांद्याच्या खाली उतरत नव्हते.

दुसरी गोष्ट तुटण्याची जागा. डोक्यावर राहिलेले आखूड केस मोजून पाहिले तर त्यांतले पुष्कळसे जेमतेम नव्या वाढीएवढेच लांब होते. याचा अर्थ केस टोकाशी नव्हे, तर नवी कुरळी वाढ संपून जुना सरळ केलेला भाग जिथे सुरू होतो त्या सांध्यावर तुटत होता. टोके निराळ्या कारणाने खराब होती : दर सहा आठवड्यांनी त्यांच्यावर विनाकारण रिलॅक्सर ओढला गेला होता. ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणला तर तो लांबत जाई आणि परत मूळ लांबीवर येत नसे, म्हणजे त्याच्या प्रथिनांची घडण ढिली पडली होती. डाव्या कानशिलावरचे केस विरळ होते. घट्ट बांधण्याची ती खूण. डोक्याच्या मध्यावर व्रणयुक्त टक्कल नाही, याची खात्री त्वचारोगतज्ज्ञांकडून आधीच करून घेतलेली होती. ती खात्री नसती तर पुढचे काहीही सुरू करण्यात अर्थ नव्हता, कारण तो आजार केस वाळवण्याच्या पद्धतीने बरा होत नाही.

मोकळे वाळवणे का फसले

रिलॅक्सर हे तीव्र अल्कली असते. लाय प्रकारात सोडियम हायड्रॉक्साइड असते. नो-लाय प्रकारात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे क्रीम आणि ग्वानिडीन कार्बोनेटचे द्रावण आयत्या वेळी मिसळतात. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या जोडबंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि कुरळेपणा टिकवण्यात त्या बंधांचा मोठा वाटा असतो. अल्कलीने त्यांतले बरेचसे बंध कायमचे बदलतात : दोन गंधकांपैकी एक निघून जातो आणि सिस्टीन या दुव्याच्या जागी लँथिओनिन हा वेगळा दुवा तयार होतो. हा बदल उलटवता येत नाही. केस सरळ होतो, त्याचबरोबर दुबळा, अधिक सच्छिद्र आणि पाणी अधिक शोषणारा होतो. हायड्रोजनचे बंध मात्र शाबूत असतात. ते पाण्याने सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. उष्णता न वापरता केसांना वळण देण्याची सारी विद्या या एका गुणधर्मावर उभी आहे.

आता दोन प्रकारचे केस एकाच बटेवर कल्पून पाहावेत. डोक्याजवळचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग अजून मूळचा कुरळा आहे. तो वाळताना आक्रसतो, वेटोळी घेतो आणि शेजारच्या केसांत अडकतो. त्याखालचा लांब भाग सरळ आहे; तो आक्रसत नाही, नुसता लोंबतो. मोकळे सोडले की हे दोन्ही आपापल्या मर्जीने वाळतात आणि सांध्यावर पीळ, कोन, गुंता तयार होतो. मग कंगवा वरून खाली येतो तेव्हा त्याचा सगळा ओढा नेमका त्या सर्वांत अशक्त जागेवर पडतो. ब्लो ड्रायर हानी करीत होता हे खरे, पण तो नवी वाढ ताणून सरळ ठेवण्याचे कामही करीत होता. बाईंनी उष्णता काढली, आणि तिच्याबरोबर ते कामही गेले. त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

त्यात ओलेपणाचा काळ वाढला. ‘हवेवर वाळवणे म्हणजे निर्धोक’ हा समज मला फार सरसकट वाटतो. केस पाण्यात फुगतो, ओला असताना अधिक ताणला जातो आणि त्याच अवस्थेत सर्वांत हळवा असतो. कोरियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ड्रायरच्या वाढत्या तापमानाबरोबर केसाच्या पृष्ठभागाची हानी वाढलेली दिसली, पण पेशींना आतून जोडणाऱ्या पडद्याला इजा झालेली आढळली ती नैसर्गिकरीत्या वाळवलेल्या गटात. ते केस आफ्रिकी वंशाचे नव्हते आणि रिलॅक्स केलेलेही नव्हते, म्हणून तो निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येत नाही; तरी ओले केस घट्ट बांधून बारा तासांची पाळी काढणे हे केसांच्या हिताचे नाही, एवढे म्हणायला त्याचा आधार पुरतो. टोपीखाली ओलसर राहिलेल्या टाळूला खाज आणि वास येत होता, ते वेगळेच.

योजना

प्रथम रिलॅक्सरची शिस्त बसवली. टच-अप घरी न करता सलूनमध्ये, दहा ते बारा आठवड्यांनी, फक्त नव्या वाढीवर, आणि आधीच्या केसांवर कंडिशनरचा जाड थर देऊन करायचा असे ठरले. अखेरीस रंग बदलून इशारा देणाऱ्या न्यूट्रलायझिंग शाम्पूने फेस पांढरा येईपर्यंत धुणे सक्तीचे केले, कारण अल्कलीचा अंश राहिला तर पुढच्या सगळ्या काळजीवर पाणी पडते. नो-लाय संचातील कॅल्शियमचे कीट केसांवर साचून ते राठ झाले होते. ते उतरवण्यासाठी एकदा कीलेटिंग शाम्पू वापरला. खराब टोके तीन टप्प्यांत कापली. एकदम कापायला त्या तयार नव्हत्या, आणि आम्हीही आग्रह धरला नाही.

धुण्याच्या पद्धतीत एक गोष्ट मराठी वाचकांना घरची वाटेल. केस धुण्याआधी काही तास खोबरेल तेल लावायला सांगितले. ते केसात झिरपते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेत केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसले आहे. खनिज तेल आणि सूर्यफुलाचे तेल यांनी तो परिणाम साधला नव्हता. आपल्याकडे चंपी करून टाळू चोळतात तसे मात्र येथे करायचे नव्हते. तेल टाळूवर नव्हे, केसांच्या जुन्या भागावर, तळहातांत पसरून, हलक्या हाताने लावायचे होते.

केसांचे चार भाग करून ते सैल पेडांत असतानाच धुवायचे, म्हणजे गुंता मुळातच होत नाही. कंगवा फक्त कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत, रुंद दातांचा, टोकांकडून मुळांकडे सरकत. टॉवेलऐवजी जुना सुती टी-शर्ट, आणि पुसणे नव्हे, दाबून पाणी टिपणे. मग लीव्ह-इन, म्हणजे न धुता केसांतच राहू द्यायचा, कंडिशनर आणि त्यावर सिलिकॉन सीरमचे दोन-तीन थेंब. महिन्यातून एकदा सौम्य प्रथिनांचा उपचार. तो जास्त झाला की केस काडीसारखा कडक होऊन वेगळ्या तऱ्हेने तुटतो, म्हणून अधिक नाही.

खरा प्रश्न यानंतरचा : केस वाळेपर्यंत त्यांना कशात धरून ठेवायचे. येथे एकच पद्धत बारमाही चालत नाही. नवी वाढ किती आहे यावर ती ठरते, आणि या प्रकरणाचे सार मला यातच दिसते.

टच-अपनंतरचे पहिले तीन-चार आठवडे नवी वाढ नगण्य असते. त्या काळात स्कार्फची पद्धत पुरली. लीव्ह-इन लावलेले ओले केस मधोमध भांग पाडून किंवा सरळ मागे, डोक्याला चापून विंचरायचे आणि कपाळापासून मानेपर्यंत सॅटिनचा रुमाल सपाट, पण न आवळता बांधायचा. मुळे वाळेपर्यंत, म्हणजे त्यांच्या बाबतीत तासाभराहून थोडे अधिक, तो सोडायचा नाही. खालची लांबी मोकळी वाळते. मुळे सपाट वाळली की बाकीचे केस आपोआप शिस्तीत पडतात. झोपताना केस डोक्याभोवती गोल फिरवून पिना लावायच्या, ज्याला रॅप म्हणतात. डोमिनिकन सलूनांतून आलेली हीच पद्धत डुबी या नावानेही ओळखली जाते.

चौथ्या आठवड्यानंतर रोलर सेट. गुळगुळीत प्लास्टिकचे, भोके असलेले मॅग्नेटिक रोलर, सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाचे. बट रोलरच्या रुंदीहून मोठी घ्यायची नाही. पाण्यात पातळ केलेले, वळण धरून ठेवणारे सेटिंग लोशन. आणि टोक कागदाच्या पट्टीत धरून मगच गुंडाळायचे, नाहीतर ते मोडलेल्या काडीसारखे वाळते. मुळाशी बट वर उचलून ताठ धरली की नवी वाढ ताणून वाळते, ड्रायर जे करीत होता ते बऱ्याच अंशी येथे रोलर करतो. अडचण एकच : रोलरवर केस वाळायला सबंध दिवस लागतो, आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या बाईला त्यांवर डोके टेकता येत नाही. म्हणून त्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी उठल्यावर केस धुऊ लागल्या, आणि कामाच्या आठवड्यात मऊ, वाकवता येणाऱ्या फ्लेक्सी रॉडवर भागवू लागल्या.

आठव्या आठवड्यापासून केस सरळ दिसावेत हा हट्टच सोडायचा, असे आम्ही सुचवले, आणि त्यांना हे पटायला सर्वांत जास्त वेळ लागला. एवढ्या नव्या वाढीला उष्णतेविना सपाट ठेवता येत नाही. पण खालच्या सरळ भागाला नागमोडी करून वरच्या कुरळ्या भागाशी जुळवून घेता येते. ओलसर केसांच्या आठ-दहा वेण्या किंवा दोन पेडांचे पीळ घालून, पूर्ण वाळल्यावर सोडायचे, की दोन पोतांतला फरक डोळ्यांना जाणवत नाही. मात्र रिलॅक्स केलेल्या केसाची वेणी टोकाशी धरून राहत नाही; नैसर्गिक कुरळ्या केसांत टोक आपोआप गुंडाळले जाते, येथे ते सुटते आणि शेवटचे चार बोटे सरळ लोंबतात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक वेणीचे टोक पर्म रॉड नावाच्या बारीक नळीवर गुंडाळणे. बंटू नॉट्सही, म्हणजे बटा पिळून डोक्यावर गुंडाळलेल्या छोट्या गाठी, करून पाहिल्या. त्यांचे वळण सुरेख आले, पण मध्यभाग वाळतच नव्हता, म्हणून सोडून दिल्या.

मधल्या काळातल्या अडचणी

योजना कागदावर जितकी सुरळीत दिसते तितकी ती चालली नाही. पहिल्यांदा वेण्या बाहेरून कोरड्या लागल्या म्हणून सोडल्या, आणि जॉर्जियातल्या जुलैच्या दमट हवेत अर्ध्या तासात सगळे केस फुलारून आले. हायड्रोजनचे बंध पूर्ण जुळायच्या आत आकार मोडला की असे होते, आणि त्यावर हात फिरवत बसण्याने फक्त भर पडते. पुढे त्यांनी एकच वेणी मुळापर्यंत उकलून, केस बोटांत धरून गारवा लागतो का ते पाहण्याची सवय लावली. गार लागला तर ती वेणी पुन्हा घालायची आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या एका खेपेला घट्ट शिया बटरवर सेटिंग लोशन फवारले गेले आणि सगळ्या केसांत कोंड्यासारखे पांढरे कण दिसू लागले. दोन्ही उत्पादने स्वतंत्रपणे चांगलीच होती, एकमेकांशी जुळत नव्हती. तळहातावर दोन्हींचा थेंब मिसळून पाहिला तर हे आधीच कळते.

पाळीच्या दिवशी केस धुवावेच लागले तर काय, हा प्रश्न उरला. तेथे आम्ही तत्त्वाला चिकटून राहिलो नाही. डोक्यावर टोपासारख्या बसणाऱ्या हुड ड्रायरखाली गार किंवा जेमतेम कोमट हवेत, केस रोलरवर असतानाच, मुळे कोरडी करून घ्यायची मुभा दिली. ओली टाळू टोपीखाली कोंडण्यापेक्षा हे बरे.

आणखी एक परिणाम अपेक्षित नव्हता. पूर्वी घाम आला की शनिवारचे स्ट्रेटनिंग वाया जाई, म्हणून त्यांनी व्यायामशाळा सोडली होती. यात त्या एकट्या नाहीत. २०११ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख सरकारी प्रवक्त्या, रेजिना बेंजामिन यांनी अटलांटातल्याच ब्रॉनर ब्रदर्सच्या केशप्रदर्शनात हा विषय जाहीरपणे मांडला होता, आणि २०१२ च्या अखेरीस वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १०३ आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांच्या पाहणीत नोंदवले की त्यांतल्या ३८ टक्के स्त्रिया केसांपायी कधी ना कधी व्यायाम टाळतात. वेणीत वाळवलेले केस घामाने बिघडले तरी पुन्हा ओलसर करून वेणीत घालता येतात. बाई आठवड्यातून दोनदा पुन्हा व्यायामाला जाऊ लागल्या.

त्यांनी एक प्रश्न अनेकदा विचारला : उष्णता सोडली तर रिलॅक्सरचा धोका कमी होतो का? २०२२ मध्ये अमेरिकेतील सिस्टर स्टडी या मोठ्या पाहणीत असे दिसले की केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असावे. तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. आणि केस कसे वाळवले याचा त्याच्याशी काही संबंध नाही. दर सहा आठवड्यांऐवजी बारा आठवड्यांनी लावला तरी वर्षाचे चार टच-अप होतातच. रिलॅक्सर सोडायचा की नाही हा निर्णय त्यांचा आहे, आणि तो वेणीच्या यशापयशावर अवलंबून ठेवू नये, एवढेच आम्ही सांगितले.

वर्षभरानंतरची स्थिती

तुटण्याचे प्रमाण तिसऱ्या महिन्यात स्पष्टपणे घटले आणि सांध्यावर तुटणे सर्वांत आधी थांबले. टोके कापत राहूनही वर्षाअखेर केस खांद्यावरून गळ्याच्या हाडांखाली उतरले होते. डाव्या कानशिलावर बारीक केस आले आहेत, पण उजव्या बाजूइतकी दाटी अजून नाही आणि कदाचित येणारही नाही. दीर्घकाळ ओढ बसलेली मुळे नेहमीच पूर्ण सावरतात असे नाही. स्ट्रेटनरने येणारा काचेसारखा सपाटपणा आणि चकाकी या पद्धतीने मिळाली नाही, आणि ती मिळेल असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. वर्षात दोनदा, टोके नीट एका रेषेत कापण्यापुरता, त्यांनी केस पूर्ण कोरडे असताना आणि कमी तापमानावर स्ट्रेटनर वापरू दिला.

पुण्या-मुंबईत स्मूदनिंग किंवा रीबाँडिंग करून घेणाऱ्या स्त्रियांचे केस निराळे आणि रसायनही बहुधा निराळे, थायोग्लायकोलेटवर्गातले. तरी सहा महिन्यांनी मुळांशी नागमोडी वाढ आली की सरळ आणि वळणदार यांचा तोच सांधा तयार होतो, आणि पावसाळ्यात मोकळे वाळवले की तोच गुंता. स्कार्फ आणि रोलर यांचा उपयोग तेथेही होईल, तेलाचे प्रमाण मात्र पुष्कळ कमी ठेवावे लागेल.

सध्या बाईंचा टच-अप अकराव्या आठवड्यावर आहे. पुढच्या वेळी रिलॅक्सर नेहमीपेक्षा कमी वेळ ठेवून केस अर्धवट सरळ करावेत का, म्हणजे दोन पोतांतला फरकच कमी होईल, याचा विचार चालू आहे. त्यासाठी मानेजवळच्या एका बटेवर चाचणी घेतली आहे आणि ती बट चार वेळा धुऊन होईपर्यंत बाकीच्या केसांना हात लावायचा नाही, असे ठरले आहे.